लोणारचे वय आणि एक टक्क्याचा पासंग



या पाठाची सुरुवात दिल्लीतल्या एका रस्त्यावर झाली. मी दिल्लीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मापनशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजातली सात-आठ मराठी मुले आणि मी कस्तुरबा गांधी मार्गावर, नव्या महाराष्ट्र सदनासमोरच्या फुटपाथवर उभे होतो. एकाने विचारले, "मॅडम, हा रस्ता किती जुना?" मी म्हटले, नवी दिल्ली वसवली तेव्हाचा. तेव्हा याचे नाव कर्झन रोड होते. नाव बदलले तरी वय लपत नाही, कारण नकाशे आहेत, सरकारी फायली आहेत.

त्यांच्यातला एक मेहकरचा. तो म्हणाला, "मग आमच्या लोणारचं वय कुठल्या फायलीत आहे? मागच्या आठवड्यात तुमच्या स्लाइडवर बावन्न हजार वर्षं होतं. मोबाइलवर पाच लाख सत्तर हजार दाखवतंय. आमच्या गावच्या शाळेला फलक लावायचाय. त्यावर काय लिहू?"

मला उत्तर देता आले नाही. ५२ हजारांचा आकडा मी कुठून तरी उचलला होता. तो कोणत्या पद्धतीने आला, त्याची अनिश्चितता किती, हे मी स्लाइडवर लिहिले नव्हते. प्रयोगवहीत एकक लिहिले नाही म्हणून मी मुलांचे अर्धे गुण कापते. इथे चूक माझीच होती. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले आणि जी गणिते मांडली, ती या पाठात क्रमाने देत आहे. गणित बारावीपर्यंतचेच आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

१. आधी विवर ओळखावे लागले

बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर साधारण गोल आहे. त्याचा व्यास सुमारे १.८८ किलोमीटर आणि काठापासून तळ्यापर्यंतची खोली सुमारे १३५ मीटर. तळ्याचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. तिथला पापडखार आपल्या आज्या-पणज्यांच्या ओळखीचा. लोककथेत हे स्थान लवणासुराचे, आणि विष्णूने त्याला मारले म्हणून गावात दैत्यसूदनाचे मंदिर. अकबराच्या दरबारातील अबुल फजलच्या 'आईने-अकबरी'तही लोणारचा उल्लेख आहे. म्हणजे ही जागा लोकांना शतकानुशतके ठाऊक होती. तिचा जन्म कसा झाला, हे मात्र बरेच उशिरा कळले.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने तिची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षे बहुतेक भूवैज्ञानिक लोणारला ज्वालामुखीचे मुख किंवा वाफेच्या स्फोटाने पडलेला खड्डा मानत आले. हा तर्क अगदीच वावगा नव्हता. आजूबाजूचा सगळा काळा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, थिजलेला लाव्हाच. लाव्हाच्या मुलखात गोल खड्डा दिसला की ज्वालामुखी आठवणारच.

इथे एक गमतीची गोष्ट घडली. १८९६ मध्ये अमेरिकेतील नामवंत भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील एका मोठ्या खड्ड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो अशनीच्या आघाताने झाला असेल का, हे त्यांनी तपासले, आणि शेवटी वाफेच्या स्फोटाकडे कौल दिला. असा दुसरा खड्डा जगात कुठे आहे, तर त्यांनी लोणारचे नाव घेतले. पुढे दोन्ही विवरे आघाताचीच ठरली. गिल्बर्ट यांनी जोडी अचूक लावली, कारण मात्र चुकले. ॲरिझोनाचे ते विवर आज बॅरिंजर विवर म्हणून ओळखले जाते. ते आपल्याला या पाठात आणखी दोनदा भेटेल.

१९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ यांनी लोणार अशनीचे विवर असावे का, हा प्रश्न पुन्हा मांडला. त्याचा निकाल लागला तो १९७३ मध्ये. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी विवराच्या तळाशी घेतलेल्या बोअरमधून आणि काठावरच्या चरांतून काढलेले नमुने तपासले आणि 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडले होते. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचे खनिज असते. त्याच्यावर प्रचंड दाबाची लाट आदळली की त्याची स्फटिकरचना मोडते आणि त्याची काच होते, तीच मॅस्केलिनाइट. ज्वालामुखीत इतका दाब निर्माण होत नाही. या पदार्थाचे पहिले वर्णन झाले तेही भारतात पडलेल्या एका अशनीवरून: १८६५ मध्ये बिहारातील शेरघाटी येथे पडलेला तो अशनी.

काठावर वितळलेल्या खडकाचे गोळे आणि काचेचे बारीक मणीही मिळाले. अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी त्यांचे साम्य होते. लोणार आघाताचे विवर आहे हे पक्के झाले. जन्म कसा झाला ते कळले, जन्मतारीख मात्र कळायची होती.

२. खडकातले घड्याळ

काही मूलद्रव्यांचे काही समस्थानिक किरणोत्सारी असतात. त्यांचे अणू ठरलेल्या दराने दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात. निम्मे अणू बदलायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. ऊन, पाऊस, दाब यांचा या दरावर परिणाम होत नाही. आर्थर होम्स यांनी १९११ मध्ये युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून नॉर्वेतील खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले. तेव्हापासून हे शास्त्र सतत सुधारत आले आहे.

आपल्या कामाचे घड्याळ पोटॅशियमचे आहे. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. त्याच्या क्षय पावणाऱ्या दर शंभर अणूंपैकी सुमारे ११ अणूंचे आर्गॉन-४० होते, बाकीच्यांचे कॅल्शियम. आर्गॉन हा वायू कोणाशीही संयोग पावत नाही. खडक वितळलेला असेल तर तो निसटून जातो, आणि खडक थिजला की आत अडकतो. म्हणून थिजलेल्या खडकात साठलेला आर्गॉन मोजला की, थिजून किती वर्षे झाली ते कळते.

१९६६ मध्ये मेरिह्यू आणि टर्नर यांनी या पद्धतीत मोठी सुधारणा मांडली. नमुना अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनचा मारा केला की पोटॅशियम-३९ चे काही अणू आर्गॉन-३९ होतात. मग पोटॅशियम वेगळे मोजायची गरज उरत नाही. नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा आणि प्रत्येक टप्प्यावर सुटणाऱ्या वायूतील आर्गॉन-४० व आर्गॉन-३९ यांचे गुणोत्तर मास स्पेक्ट्रोमीटरवर पाहायचे. लागोपाठच्या बऱ्याच टप्प्यांत एकच वय आले तर त्याला 'पठार वय' म्हणतात.

मात्र घड्याळ हाती आले तरी ते कोणत्या घटनेपासून सुरू झाले, हे विचारावेच लागते. बॅरिंजर विवर ज्या लोखंडी अशनीने पाडले त्याचे तुकडे कॅन्यन डायब्लो या नावाने ओळखले जातात. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी या आणि इतर अशनींतील शिशाचे समस्थानिक मोजून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले. तोच अशनी, तोच खड्डा; पण खड्डा सुमारे पन्नास हजार वर्षांचा. अशनीतले घड्याळ सूर्यमालेच्या जन्मापासून चालले होते, आदळण्याने ते शून्यावर आले नाही. विवराचे वय हवे असेल तर आघाताच्या क्षणी शून्यावर आलेले घड्याळच शोधावे लागते.

लोणारला असे घड्याळ कोणते? आघाताच्या उष्णतेने वितळलेली काच हे एक. आघाताने खोलातून वर फेकला गेलेला खडक हे दुसरे. आणि त्या ढिगाऱ्याखाली गाडली गेलेली जुनी माती हे तिसरे.

३. प्रसिद्ध झालेले आकडे

पुढील आकडे वर्षानुसार वाचा. प्रत्येकाची पद्धत आणि ± चिन्हानंतरचा आकडा सोडू नका.

१९९७: सेनगुप्ता, भांडारी आणि वातानाबे. काचेचे उष्मादीपन. वय ५२,००० ± ६,००० वर्षे. (ही पद्धत समस्थानिकांची नाही. खनिजात अडकलेले इलेक्ट्रॉन तापवल्यावर किती प्रकाश देतात, यावरून वय काढतात.)

२००४: श्टोर्झर आणि क्योबर्ल. युरेनियमच्या विखंडनाचे काचेतील माग. वय १५,३०० ± १३,३०० वर्षे.

२०११: जूर्दां आणि सहकारी. वितळकाचेतील आर्गॉन-४० व आर्गॉन-३९. वय ५,७०,००० ± ४७,००० वर्षे.

२०१४: नाकामुरा आणि सहकारी. काठावरच्या खडकातील बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६, जोडीला आघातापूर्वीच्या मातीतील कार्बन-१४. वय ३७,५०० ± ५,००० वर्षे.

दोन गोष्टी लगेच दिसतात. २००४ च्या आकड्यात अनिश्चितता जवळजवळ आकड्याएवढीच आहे. बेसाल्टच्या काचेत युरेनियम फार थोडे असते, त्यामुळे मोजायला माग कमी मिळतात, आणि मोजणी कमी तर खात्री कमी. दुसरी गोष्ट, क्योबर्ल हे २००४ आणि २०११ या दोन्ही शोधनिबंधांत आहेत. एकाच शास्त्रज्ञाच्या नावावर सात वर्षांच्या अंतराने १५ हजार आणि ५ लाख ७० हजार. याला कोणी लबाडी म्हणणार नाही. नवे मोजमाप हाती आले, ते त्यांनी जसेच्या तसे मांडले.

खरा पेच २०११ आणि २०१४ यांच्यात आहे. दोन्ही आकडे समस्थानिकांचे, दोन्हींची अनिश्चितता माफक, आणि फरक पंधरा पटींचा. ± चिन्हाने हे अंतर भरून निघत नाही. मग चूक दुसरीकडे कुठेतरी असली पाहिजे.

४. पारडे आधीच झुकलेले असेल तर?

जुन्या किराणा दुकानातला तराजू आठवा. दोन्ही पारडी रिकामी असताना एक पारडे खाली असेल तर आपण म्हणतो, तराजूत पासंग आहे. असा तराजू दहा वेळा वापरला तरी दहाही वेळा सारखेच, आणि दहाही वेळा चुकीचे वजन देईल. ± चिन्ह फक्त दहा वजनांतला फरक सांगते. पासंग सांगत नाही. व्हर्नियर कॅलिपर हाती घेतल्यावर तुम्ही आधी शून्य त्रुटी बघता, ते याचसाठी.

आर्गॉनच्या घड्याळातला पासंग कोणता? लोणारचा कातळ आघाताच्या वेळी नवा नव्हता. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. इतक्या काळात त्याच्यात बराच आर्गॉन साठला होता. आघाताने कातळ वितळला तेव्हा तो सगळा आर्गॉन निघून गेला, असे आपण धरतो. थोडा मागे राहिला असेल तर?

गणित करू. पोटॅशियम-४० चे १० लाख अणू घ्या. बेसाल्टमध्ये ६ कोटी ६० लाख वर्षांत त्यांच्या जोडीला आर्गॉनचे सुमारे ३,९०० अणू साठतात. काच ५ लाख ७० हजार वर्षांची असेल तर तिच्यात साठतील सुमारे ३३. आणि ती ४० हजार वर्षांची असेल तर फक्त २ किंवा ३.

आता समजा काच ४० हजार वर्षांचीच आहे, पण वितळताना जुन्या ३,९०० अणूंपैकी ३१ आत राहून गेले. नवे २ आणि जुने ३१ मिळून ३३. यंत्र प्रामाणिकपणे ३३ मोजेल आणि आपण ५ लाख ७० हजार वर्षे लिहू. ३,९०० पैकी ३१ म्हणजे ०.८ टक्के. एक टक्काही नाही! जुना खडक आणि तरुण आघात अशी जोडी असली की एवढासा पासंग पुरतो.

२०१४ च्या शोधनिबंधाचा आक्षेप हाच आहे: आर्गॉनचे वय मागे राहिलेल्या जुन्या आर्गॉनमुळे फुगलेले असावे.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐका. जूर्दां आणि सहकाऱ्यांनी चार वेगवेगळे नमुने तापवले, आणि चौघांची पठार वये एकमेकांशी जुळली. जुना आर्गॉन राहिला असता तर तो चारही नमुन्यांत अगदी सारख्याच प्रमाणात का राहावा? शिवाय बेसाल्टचा रस पातळ असतो. ग्रॅनाइटसारख्या सिलिकायुक्त खडकाचा रस चिकट, त्यात वायू कोंडतो. बेसाल्टमधून तो सहज निसटतो. अडकलेल्या आर्गॉनची जात त्यांनी आलेखावरून तपासली, तेव्हा आर्गॉन-४० आणि आर्गॉन-३६ यांचे गुणोत्तर हवेतल्या गुणोत्तराच्या जवळ आले, म्हणजे बाहेरून दुसरा आर्गॉन मिसळल्याचे चिन्ह नाही.

या शेवटच्या मुद्द्याला एक मर्यादा आहे, ती अभियंत्याने ओळखावी. मागे राहिलेला आर्गॉन पोटॅशियमच्या प्रमाणातच पसरलेला असेल तर आलेखाची रेषा सरळच राहते, फक्त तिचा उतार बदलतो. आणि उतारावरूनच तर वय काढतात. सरळ रेषा आली म्हणजे पासंग नाही, असे होत नाही.

५. दुसऱ्या पारड्यातला पासंग

इथे थांबलो तर पक्षपात होईल. २०१४ चा आकडा कसा निघाला आणि त्याच्यात पासंग शिरू शकतो का, तेही पाहू.

अवकाशातून येणारे विश्वकिरण जमिनीच्या पृष्ठभागावरील खडकात बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६ असे दुर्मीळ समस्थानिक तयार करतात. खाली जावे तसे हे उत्पादन झपाट्याने घटते. खोलवरचा कातळ आघाताने वर काठावर आला की त्याच्यावर हा मारा सुरू होतो. किती अणू जमले ते मोजले की उघडा पडून किती काळ झाला ते कळते. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञासह हे काम केले.

आता अडचण. काठ झिजला तर? वरचा थर वाहून गेला की त्याच्यात जमलेले अणूही गेले. खालून नवा, कमी मारा खाल्लेला खडक वर येतो आणि वय कमी भासते. बेसाल्टमध्ये या किरणांचा जोर साधारण ६० सेंटिमीटरवर एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. त्यामुळे एक सोपा नियम मिळतो: सतत झिजणाऱ्या खडकाचे भासमान वय, ६० सेंटिमीटर झिजायला लागणाऱ्या काळापेक्षा जास्त कधीच दिसत नाही. काठ दर हजार वर्षांना दीड सेंटिमीटर झिजत असेल तर ही कमाल मर्यादा ४० हजार वर्षे. विवर ५ लाख वर्षांचे असले तरी असा खडक ४० हजारच सांगेल. लोणारचा काठ झिजतो आहे, हे त्या संशोधकांनी स्वतःच नोंदवले आहे. बॅरिंजर विवराशी तुलना करताना तो त्यांचा मुख्य मुद्दाच होता.

आणि कार्बन-१४? त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे, आवाका सुमारे ५० हजार वर्षांचा. आघातापूर्वीची माती ५ लाख वर्षे गाडलेली असती तर तिच्यात कार्बन-१४ चा मागमूसही उरला नसता. त्यात कार्बन-१४ मिळतो, म्हणजे माती तरुण, असा हा युक्तिवाद आहे. तो भक्कम आहे. फक्त मुळे, कीटक, झिरपणारे पाणी यांतून नवा कार्बन खाली उतरू शकतो, म्हणून प्रयोगशाळेत नमुना आम्ल-अल्काने धुऊन घेतात. पूर्ण मृत नमुन्यात नवा कार्बन एक टक्का जरी राहिला, तर वय किती येईल? अर्धायुष्याच्या सूत्रात १/१०० घालून पाहा. सुमारे ३८ हजार वर्षे!

हे गणित पहिल्यांदा मांडले तेव्हा मी पेन खाली ठेवले. जुना आर्गॉन एक टक्का मागे राहिला तर साडेसहा-सात लाखांच्या घरात जातो. नवा कार्बन एक टक्का आत आला तर अडतीस हजारांवर येतो. वादातले दोन्ही आकडे या दोन ठिकाणांच्या आसपासच आहेत. याचा अर्थ कोणाचा नमुना बिघडला होता असा नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही आणि तसे मी म्हणतही नाही. अर्थ एवढाच की, लोणारला आर्गॉनचा पासंग वय वाढवणारा असतो, आणि झीज व नवा कार्बन यांचा पासंग वय घटवणारा. खरे वय या दोन्ही बाजूंच्या मध्ये कुठेतरी असावे अशी सरासरी काढायचा मोह मात्र टाळा. दोन झुकलेल्या तराजूंची सरासरी म्हणजे खरे वजन नव्हे.

६. मग निवाडा कसा होतो?

बॅरिंजर विवराचे उदाहरण घ्या. १९८५ मध्ये उष्मादीपनाने तिथे सुमारे ४९ हजार वर्षे वय आले. १९९१ मध्ये क्लोरीन-३६ ने आणि बेरिलियम-ॲल्युमिनियमनेही वेगवेगळ्या गटांनी ५० हजारांच्या जवळचेच आकडे काढले. तीन पद्धती, त्यांचे पासंग वेगळे, तरी उत्तरे जुळली. विश्वकिरणांच्या उत्पादनदराची सुधारणा होते तसे हे आकडे थोडे सरकतात, पण दहा पटींनी नाही. तिथली हवा कोरडी, झीज कमी. लोणारला दर पावसाळ्यात काठावरून पाणी धावते.

मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील ढाला विवराचे उदाहरण वेगळे. ते इतके जुने की खड्डाच जवळजवळ पुसला गेला आहे. तिथे वरची आणि खालची मर्यादा ठरवली जाते: ज्या बुंदेलखंड ग्रॅनाइटवर आघात झाला तो सुमारे २५० कोटी वर्षांचा, आणि ज्या विंध्य खडकांनी विवर झाकले ते सुमारे १७० कोटी वर्षांचे. आघात त्यांच्या दरम्यानचा. आकडा ढोबळ आहे, पण त्याच्या दोन्ही कडा पक्क्या आहेत.

लोणारबाबत तुमच्या मनाचा कल विचाराल तर मी असे सांगेन. कमी वय सांगणाऱ्या पद्धती संख्येने जास्त आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच एकाच दिशेने चुकू शकतात. म्हणून बहुमत हा इथे पुरावा नाही. निवाडा करायचा तर पासंगच मोजला पाहिजे. वेगवेगळ्या आकारांचे, वेगवेगळ्या वेगाने थिजलेले काचेचे अनेक मणी एकेक करून आर्गॉनसाठी तपासले, तर मागे राहिलेला वायू सगळ्यांत सारखा असणे अवघड. वये पांगली तर पासंग उघडा पडेल, न पांगली तर जूर्दां यांची बाजू बळकट होईल. तसेच काठाच्या झिजेचा दर विश्वकिरणांखेरीज दुसऱ्या मार्गाने ठरवता आला तर नाकामुरा यांच्या आकड्याची परीक्षा होईल.

७. एवढा खटाटोप कशासाठी?

कुणी म्हणेल, पन्नास हजार काय नि पाच लाख काय, आपल्याला काय फरक पडतो? फरक पडतो.

एक, आघात कोणी पाहिला असेल? चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वी आपल्यासारखी माणसे भारतात होती. त्यांनी आकाशातला तो लोळ पाहिला असू शकतो. पाच लाख वर्षांपूर्वी मात्र इथे दगडी हातकुऱ्हाडी वापरणारे आपले फार दूरचे पूर्वज होते. म्हणून लवणासुराची कथा त्या घटनेची आठवण आहे, असे बेधडक सांगणाऱ्याला आधी वय विचारा. चाळीस हजार वर्षे धरली तरी ती आठवण फार लांबून यावी लागेल.

दोन, बेसाल्टवर थेट पडलेली विवरे पृथ्वीवर फार थोडी. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावर मात्र बेसाल्ट भरपूर. विवर किती वेगाने झिजते हे लोणारवरून शिकून आपण मंगळावरच्या विवरांबद्दल अंदाज बांधतो. वयात पंधरा पट चूक झाली तर झिजेच्या दरातही तेवढीच चूक.

तीन, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एकच आकडा लागतो, चार पर्यायांपैकी एक. त्यामुळे आकडा हे उत्तर आहे अशी सवय लागते. मापनशास्त्रात आकडा, अनिश्चितता आणि पद्धत हे तिन्ही मिळून एक उत्तर होते. तिन्हींपैकी एक गाळले की जे उरते ते मोजमाप नव्हे, ऐकीव माहिती.

माझी स्लाइड मी बदलली. मेहकरच्या त्या मुलाने फलकासाठी मजकूर लिहून पाठवला, तो असा: "लोणार विवराचे वय: वितळलेल्या काचेतील आर्गॉनवरून ५,७०,००० ± ४७,००० वर्षे. काठावरचा खडक आणि खालची माती यांवरून ३७,५०० ± ५,००० वर्षे. संशोधन सुरू आहे." मुख्याध्यापकांनी त्याला विचारले म्हणे, एका विवराची दोन वये कशी? त्याने शाळेच्या स्वयंपाकघरातला तराजू मागवला, रिकाम्या पारड्याखाली बोटभर चिंच चिकटवली आणि सातवीच्या मुलांना तांदूळ मोजायला लावला.

सरावासाठी प्रश्न

१. काचेचे खरे वय ५२ हजार वर्षे मानल्यास, ५ लाख ७० हजार हे भासमान वय येण्यासाठी जुन्या आर्गॉनचा किती टक्के भाग मागे राहावा लागेल? (कमी काळासाठी साठलेला आर्गॉन काळाच्या समप्रमाणात धरा.)

२. विवर ५ लाख ७० हजार वर्षांचे असेल आणि काठ दर हजार वर्षांना दीड सेंटिमीटर झिजत असेल, तर आजवर एकूण किती मीटर झीज झाली? काठ आज आसपासच्या जमिनीपेक्षा साधारण २० ते ३० मीटर उंच आहे. तुमचे उत्तर संभवनीय वाटते का?

३. पूर्ण मृत मातीत नवा कार्बन अर्धा टक्का राहिला तर कार्बन-१४ चे वय किती येईल? दोन टक्के राहिला तर?

४. तुमच्या प्रयोगशाळेतील एखादे उपकरण निवडा. त्याची अनिश्चितता आणि त्याचा पासंग वेगवेगळे कसे मोजाल, ते दहा ओळींत लिहा.